बेळगावात चर्चासत्राला येताय? मुक्काम असा ठरवा

परवा कोल्हापूरहून एका मुलीचा फोन आला. पीएचडी करते, पहिलाच शोधनिबंध. "मॅडम, बेळगावात स्टँडजवळ लॉज बुक केलाय. विद्यापीठ जवळच असेल ना?" मी विचारलं, कुठलं विद्यापीठ? तिनं पत्रिका बघून सांगितलं, राणी चन्नम्मा. म्हणजे भुतरामनहट्टी. कोल्हापूरहून येताना ते आवार तिला वाटेतच लागणार, ते ओलांडून ती वीसेक किलोमीटर पुढं शहरात उतरणार, आणि रोज सकाळी तेवढीच वाट उलटी जाणार. लॉज रद्द करता येत होता म्हणून बरं झालं.

टिळकवाडीतल्या एका कॉलेजात मी सव्वीस वर्षं ग्रंथपाल होते. चर्चासत्र ठरलं की निवास समिती माझ्याकडं यायची. त्या वेळची निळ्या पुठ्ठ्याची वही अजून माझ्या कपाटात आहे. नाव, गाव, कशानं येणार, किती वाजता पोचणार, जिना चढता येतो का, कोणाबरोबर खोली चालेल, असे रकाने आखलेले. पाहुणे निबंध घेऊन शेकडो मैलांवरून येतात आणि रात्र डासांत किंवा गारठ्यात काढून सकाळी डोळे चोळत व्यासपीठावर बसतात, हे मला कधी सोसलं नाही. म्हणून त्या वहीतलं आज इथं लिहिते.

आधी दिशा ओळखा. बेळगावात 'विद्यापीठात कार्यक्रम आहे' एवढ्यानं काही कळत नाही. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० साली झालं. त्याआधी तिथं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं. ते उत्तरेला, पुणे-बंगळूर महामार्गावर, भुतरामनहट्टीला आहे. प्राणिसंग्रहालयही तिथंच, त्यामुळं खूण सांगायला सोपं. याच विद्यापीठाचं नवं आवार हिरेबागेवाडीला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या अंगाला, धारवाडच्या वाटेवर. पत्रिकेवर नुसतं विद्यापीठाचं नाव असेल तर 'भुतरामनहट्टी की हिरेबागेवाडी' हे फोन करून विचाराच. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ १९९८ चं, त्याचं ज्ञानसंगम आवार खानापूर रस्त्याला मच्छेजवळ. केएलई या शिक्षणसंस्थेचं वैद्यकीय आवार नेहरूनगरला, शहरातच. आणि आमच्यासारखी कॉलेजं टिळकवाडी, उद्यमबाग, कॉलेज रोड या भागांत पसरलेली.

आता तुम्ही कुठून येताय ते बघा. कोल्हापूर-निपाणीकडून येणाऱ्याला संकेश्वर, हत्तरगी, मग वंटमुरीचा घाट आणि भुतरामनहट्टी लागतं. होनगा, काकती आणि शहर त्यापुढं. चोर्ला घाटानं गोव्याहून येणारा पिरनवाडीला बाहेर पडतो, तिथून ज्ञानसंगम हाकेच्या अंतरावर. त्याला शहराच्या मध्यातल्या चन्नम्मा सर्कलजवळ खोली देणं म्हणजे सकाळची गर्दी त्याच्या गळ्यात बांधणं. रेल्वेनं येणाऱ्याला मात्र स्टेशन, कॅम्प किंवा टिळकवाडी बरी. चालत किंवा रिक्षानं दहा मिनिटांत खोली गाठता येते. विमान सांबऱ्याला उतरतं, ते पूर्वेला, दहाएक किलोमीटर. कुठलाही मुक्काम धरलात तरी तिथून शहरात शिरावंच लागतं.

खोली निवडताना मी एकच हिशेब धरते. पहिलं सत्र सकाळी किती वाजता आणि माझ्या उशापासून त्या दारापर्यंत पोचायला किती वेळ? नोंदणी साडेनऊला असेल आणि तुम्ही शहरातून भुतरामनहट्टीला जाणार असाल तर आठला खोली सोडावी लागते, कारण स्थानिक बस मिळायला वेळ जातो आणि महामार्गावर बस थांबेलच असं नाही. रिक्षाचं भाडं बसायच्या आधी ठरवून घ्या. चौघं मिळून गाडी केली तर माणशी फार पडत नाही. आयोजकांनी शहरातून बस ठेवली असेल तर ती कुठून आणि किती वाजता सुटते ते आदल्या रात्रीच विचारून ठेवा.

आवारातलं अतिथिगृह सगळ्यांना हवं असतं. पण तिथं खोल्या मोजक्या, आणि त्या बीजभाषण करणारे, बहिःस्थ परीक्षक, कुलगुरूंचे पाहुणे यांच्यासाठी आधीच धरलेल्या असतात. तुम्ही निबंधवाचक असाल तर आशा ठेवू नका. मात्र वय झालेलं असेल, मधुमेहाचं इंजेक्शन थंड ठेवायचं असेल, सोबत तान्हं बाळ असेल, तर संकोच न करता लेखी कळवा. अशा कारणासाठी खोली काढून दिलेली मी पाहिली आहे, पण फक्त वेळेत सांगितलेल्यांना. तोंडी 'बघतो' म्हणालेत ते धरू नका. आणि निमंत्रकांपेक्षा केअरटेकरचा नंबर जवळ ठेवा. रात्री साडेदहाला किल्ली तोच देतो.

वसतिगृहावर मी जरा जास्त लिहिणार, कारण बहुतेक तरुण संशोधक तिथंच उतरतात आणि तिथंच फजिती होते.

सुट्टीत मुलं गावी गेली की त्यांच्या खोल्या पाहुण्यांना देतात. लोखंडी कॉट, गुंडाळलेली गादी, खिडकीच्या गजाला बांधलेली कपड्यांची दोरी, भिंतीवर कोणाचं तरी परीक्षेचं वेळापत्रक, बादलीवर ऑइलपेंटनं लिहिलेला खोली नंबर. राहायला काही वाईट नाही. पण ही खोली एका मुलाची आहे, लॉजची नव्हे. उशी असेलच असं नाही, चादर तर सहसा नसतेच. कुलूपही त्या मुलाचंच असतं, ते तो सोबत घेऊन गेलेला असतो. म्हणून स्वतःचं छोटं कुलूप, एक चादर, उशीचा अभ्रा, मग, साबण, डासांची उदबत्ती आणि मोबाइल चार्ज करायला लांब वायरची पट्टी एवढं आणाच. आमच्याकडं डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलंच गार असतं. कोकणातून येणाऱ्यांना ते सांगूनही खरं वाटत नाही.

एका डिसेंबरात शहराबाहेरच्या एका संस्थेत आठ पाहुणे वसतिगृहात ठेवले होते. गाद्या होत्या, पांघरायला काही नव्हतं. वॉर्डन रजेवर, भांडारघराची किल्ली त्यांच्याबरोबर. रत्नागिरीचे एक वयस्क प्राध्यापक अंगावर स्वेटर, डोक्याला मफलर असे कॉटवर बसून होते. रात्री नऊला मला फोन आला. मी घरातल्या चार वाकळा, शेजारणीच्या तीन आणि माझी शाल रिक्षात घालून नेली. सकाळी ते सर वाकळेची घडी हातात घेऊन उभे. म्हणाले, "हा हिरवा तुकडा कुणाच्या लुगड्याचा?" माझ्या सासूबाईंच्या इरकलीचा होता. त्यांनी तो बोट फिरवून पाहिला, टाक्यांची ओळ मोजली, आणि मग वाकळ माझ्या हातात दिली. त्या वर्षापासून माझ्या वहीत 'पांघरूण' हा रकाना वाढला. तुम्ही पाहुणे असाल तर हा प्रश्न तुम्हीच विचारा, समितीला सुचेल याची वाट बघू नका.

पाणी तर सगळ्यात आधी विचारा. १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन बेळगावात भरलं, तेव्हा टिळकवाडीत प्रतिनिधींसाठी उभारलेल्या छावणीला विजयनगर नाव दिलं होतं, आणि पाण्यासाठी मुद्दाम विहीर खोदली होती. ती काँग्रेस विहीर अजून आहे, मी कॉलेजला जाता-येता रोज बघत असे. एवढी माणसं आणायची तर आधी पाणी, हे त्या लोकांना ठाऊक होतं. आजही मार्च ते मे वसतिगृहाच्या टाकीत पाणी किती वाजेपर्यंत असतं ते विचारावंच लागतं. गरम पाणी सोलरवर असेल तर ढगाळ पावसाळ्यात ते मिळत नाही, आणि उन्हाच्या दिवसांतही आधी उठणाऱ्यांना मिळतं. साडेसहाच्या आत आंघोळ उरका.

मुलींच्या वसतिगृहात उतरणार असाल तर गेट किती वाजता बंद होतं ते पहिल्याच दिवशी रेक्टरना विचारा. चर्चासत्रात संध्याकाळी सांस्कृतिक कार्यक्रम असतो, मग जेवण, आणि परतताना गेटला कुलूप. दोनदा मी अशा मुलींना माझ्या घरी घेऊन आले आहे. आयोजकांकडून रेक्टरच्या नावे एक ओळीची चिठ्ठी आधीच घेतली की हा प्रश्न मिटतो.

शहरातले लॉज. मध्यवर्ती बसस्थानकाच्या आसपास स्वस्त लॉज भरपूर, पण रात्रभर गाड्यांचा आवाज. खडेबाजार, गणपत गल्ली, रामदेव गल्ली हा बाजारभाग. खायला-प्यायला उत्तम, मात्र मिरवणुकीच्या दिवसांत झोप नाही. एकट्या बाईनं उतरायचं असेल तर मी टिळकवाडी, कॉलेज रोड, क्लब रोड या बाजूला सुचवते. पैसे थोडे जास्त जातात, पण रात्री रस्त्याला माणसं असतात. नेहरूनगरला केएलईच्या रुग्णालयामुळं पेशंटच्या नातेवाइकांची सतत ये-जा. तिथं खोली अचानक मिळेल असं समजू नका. मिळाली तरी बाजूच्या खोलीत कोणी काळजीत बसलेलं असतं, आवाज बेतानं करावा.

लॉजवर पैसे देण्याआधी खोली बघा. मी आत गेल्यावर तीन गोष्टी करते. नळ सोडून बोट धरते आणि गरम व्हायला किती वेळ लागतो ते बघते. उशी उचलून वास घेते. आणि दाराची आतली कडी लावून दार ढकलून बघते. कडी हलली तर दुसरी खोली मागते. "बिसी नीर ऐती?" म्हणजे गरम पाणी आहे का, एवढं कन्नड आलं तर काउंटरवरचा माणूस खुलतो. पण मराठीत विचारलंत तरी बहुतेक ठिकाणी मराठीतच उत्तर मिळतं. चेक-आऊट चोवीस तासांचा की दुपारी बाराचा, हे आधी विचारा. सकाळी सहाला आलात आणि हिशेब बाराचा असेल तर सहा तासांसाठी एक दिवसाचं भाडं पडू शकतं. मूळ आधारकार्ड आणि एक झेरॉक्स जवळ हवी.

महामार्गावरची मोठी हॉटेलं भुतरामनहट्टीच्या कार्यक्रमाला सोयीची. कॉलेज खर्च देत असेल तर जरूर राहा. बिल तिथंच नीट करून घ्या. टीए-डीएला, म्हणजे प्रवास आणि दैनिक भत्त्याला, लागणारं बिल तुमच्या नावानं, तारखांसह, जीएसटी नंबर असलेलं हवं. दिवसाला ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला आहे. जुन्या १२ टक्क्यांवर अंदाजपत्रक केलं असेल तर सुधारा. सरकारी विश्रामगृह सरकारी नोकरांना मिळू शकतं, पण मंत्री आले की खोली सोडावी लागते. त्यावर सगळी भिस्त नको.

परदेशी पाहुणा आणणार असाल तर तो जिथं उतरेल त्यांनी २४ तासांत त्याच्या मुक्कामाची माहिती सरकारला ऑनलाइन कळवायची असते, पूर्वी याला सी-फॉर्म म्हणत. कोणाच्या घरी उतरला तरीही. सगळ्या लॉजना ही सवय नसते, म्हणून विचारूनच पाठवा.

घरी उतरणं आमच्या भागात अजून चालतं, आणि मला ते मनापासून आवडतं. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात, तिथं पाहुण्यांची सोय गावातल्या घरांतून होत आली आहे. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद बेळगावात आले तेव्हा रिसालदार गल्लीत भाटे वकिलांच्या घरी उतरले होते. ते घर आज स्मारक म्हणून जपलं आहे. चर्चासत्रालाही कोणी 'आमच्याकडं राहा' म्हटलं तर हो म्हणा, पण तीन गोष्टी पाळा. पोचायची वेळ खरी सांगा, कारण ती माणसं जेवायची थांबतात. सकाळी किती वाजता निघणार ते रात्रीच सांगा. आणि खात नसाल ते मोकळेपणानं सांगा. रस्सा तिखट होतो म्हणून उपाशी झोपलेले पाहुणे मी पाहिलेत, आणि दुसऱ्या दिवशी ते कळल्यावर हळहळणाऱ्या बायकाही.

आता तारखा. हलग्याला सुवर्ण विधानसौध २०१२ साली झाल्यापासून कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन तिथं भरतं, बहुतेक डिसेंबरात. त्या दिवसांत आमदार, अधिकारी, पोलीस, पत्रकार, मोर्चेकरी सगळे शहरात. खोली मिळत नाही, मिळाली तर भाव चढलेला, हलग्याच्या बाजूला रस्ते अडवलेले. आयोजकांना माझी हात जोडून विनंती, अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्याशिवाय डिसेंबरचं चर्चासत्र पक्कं करू नका. १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सवाची मोठी मिरवणूक असते, चन्नम्मा सर्कलकडचे रस्ते बंद होतात. त्याच दिवशी मराठी मंडळी काळा दिवस पाळतात. त्या दिवशी प्रवास नको. गणेश विसर्जन आणि वैशाखातल्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक बघायला मुद्दाम यावं अशी, पण कामाच्या रात्री बाजारात खोली घेऊ नका. मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात भरती असली की स्टँडजवळचे लॉज पोरांनी भरतात. लग्नसराईचं तर सांगायलाच नको.

आणखी एक गोष्ट सीमेवरच्यांनाच सुचते. सीमावादाची काही बातमी तापली की दोन्ही राज्यांच्या एसटी निपाणी-कोगनोळीच्या अलीकडं-पलीकडं थांबवतात. हे अनेकदा झालं आहे. म्हणून परतीचं रेल्वेचं एक तिकीट हाताशी ठेवा. राणी चन्नम्मा एक्सप्रेस, गोवा एक्सप्रेस, आणि २०२४ पासून हुबळी-पुणे वंदे भारत, या मिरजमार्गे जातात. वंदे भारत रोज नाही, वार बघून घ्या. बायकांसाठी आणखी एक. महाराष्ट्राच्या एसटीतली अर्ध्या तिकिटाची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते. कर्नाटकातला मोफत बसप्रवास इथला पत्ता असलेल्यांनाच आहे. त्यामुळं लांब उतरून रोज बसनं जायचा हिशेब करताना तिकिटाचे पैसे धरा.

हे सगळं फोनवर विचारायला अवघड वाटत असेल तर असा मेसेज पाठवा. मी त्या कोल्हापूरच्या मुलीला हाच लिहून दिला:

"नमस्कार सर. मी चर्चासत्रात निबंध वाचणार आहे. आदल्या दिवशी संध्याकाळी सात वाजता बसनं पोचेन, समारोपानंतर निघेन, म्हणजे दोन रात्री मुक्काम. वसतिगृह चालेल. खोलीत आणखी कोण असेल? पांघरूण मिळेल का? गरम पाणी किती ते किती? गेट किती वाजता बंद होतं? किल्ली कोणाकडं मिळेल, त्यांचा नंबर कळवावा. निवासाचा खर्च नोंदणी फीमध्ये आहे की वेगळा?"

तासाभरात तिला उत्तर आलं, रेक्टरच्या नंबरासकट. पंधरा दिवस आधी पाठवलात तर असंच होतं. दोन दिवस आधी पाठवलात तर समितीची माणसं मंडपात असतात.

शेवटच्या दिवशी पहाटे निघणार असाल तर आदल्या रात्री हिशेब चुकता करा, गादी गुंडाळून ठेवा, भिंतीवरचं त्या मुलाचं वेळापत्रक आहे तसं राहू द्या, आणि किल्ली वॉचमनच्या हातात द्या, टेबलावर नको. कुंदा, म्हणजे बेळगावची मिठाई, तीही आदल्या संध्याकाळीच घ्या. पहाटे दुकानं उघडलेली नसतात.